आशेला नांगर हवा, घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टर आणि नाताळ आले की वृत्तपत्रांत चर्चच्या रोषणाईचे फोटो येतात, सणाची माहिती येते. चांगलंच आहे. पण ज्या आशेपायी हे सण साजरे होतात, ती आशा ख्रिस्ती माणूस रोजच्या जगण्यात कशी धरून ठेवतो, ती कशाने सुटते आणि सुटल्यावर काय करायचं, हे क्वचितच वाचायला मिळतं. कोल्हापूर परिसरात आजारी, शोकात असलेल्या आणि खचलेल्या माणसांच्या घरी भेटीला जाणाऱ्या आम्हा काही जणांच्या वतीने हे पत्र. आमच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, तर ते वाचावंच, कारण आशेच्या नावाखाली सध्या जे खपवलं जातं त्यातलं बरंचसं पहिल्याच संकटात गळून पडतं.

मराठीत 'आशा' या शब्दाला फारशी इज्जत नाही. आशाळभूत, आशेला लावणं, वेडी आशा. सुभाषितकार तर आशेला अजब बेडी म्हणतो: तिने बांधलेला धावत सुटतो आणि तिच्यातून सुटलेला पांगळ्यासारखा जागीच राहतो. हा इशारा खरा आहे. साहेबांचा फोन येईल, रिपोर्ट चुकीचा निघेल, लॉटरी लागेल, असल्या आशा माणसाला पळवून पळवून दमवतात. बायबलमधली आशा दुसऱ्या जातीची आहे. ती एका वचनावर उभी असते, आणि वचन देणारा भरवशाचा आहे की नाही याची चौकशी करायला ती वाचकाला सांगते. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र इ.स. 55 च्या सुमाराचं, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर साधारण पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. त्याच्या 15 व्या अध्यायात पौल म्हणतो की मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्ताला पाचशेहून अधिक जणांनी एका वेळी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावं. त्याच अध्यायात तो पुढे हेही लिहितो, की ख्रिस्त उठलाच नसेल तर तुमचा विश्वास फोल आहे आणि आमच्याइतके कीव करण्याजोगे दुसरे कोणी नाही. ख्रिस्ती आशेचा सगळा भार या एका घटनेवर आहे. त्या-त्या दिवशी आपल्या मनाला उभारी आहे की नाही, यावर तो नाही.

इब्री लोकांस पत्राच्या 6 व्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. कोल्हापूरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी शेतातला नांगर येतो. तिथे म्हटलाय तो जहाजाचा. तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. तो टाकला म्हणून लाटा थांबत नाहीत की जहाज डुलायचं थांबत नाही, ते वाहून मात्र जात नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती. पुरात गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसं बाहेर काढणाऱ्या नदीकाठच्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. काहील गोल, तिला ना सुकाणू ना टोक. धरणारा हात किंवा दोर सुटला की ती जागच्या जागी गरगरते आणि मग धारेला लागते. आत बसलेल्याने कितीही धीर धरला तरी त्या धीराने काहील थांबत नाही. दोर कशाला बांधलाय, हाच प्रश्न असतो.

शेतातला नांगरही बायबलमध्ये आशेला जोडलेला आहे बरं का. नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं, असं पौलाचं वाक्य करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 9 व्या अध्यायात आहे. उसाची आडसाली लागण करणारा शेतकरी सोळा-अठरा महिने थांबतो, पण हातावर हात ठेवून नाही. पाण्याची पाळी, खत, भरणी, पाचट काढणं सुरूच असतं. ख्रिस्ती आशेतलं थांबणं असं कामात असलेलं थांबणं आहे.

आता मुख्य मुद्दा. येशूला क्रुसावर दिलं त्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) चर्च भरतं आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या लागतात. मधल्या शनिवारकडे मात्र आपलं लक्ष नसतं. तो दिवस फुलं आणण्यात आणि स्वयंपाकाच्या तयारीत जातो. खरं तर बहुतेक माणसं आयुष्याचा मोठा भाग त्या शनिवारातच काढतात. वाईट घडून गेलेलं असतं आणि चांगलं अजून दिसत नसतं. येशूचे शिष्य तर रविवारी संध्याकाळीही दारं लावून बसले होते. लूकच्या 24 व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे आशेबद्दल बोलतात ते भूतकाळात: आम्हाला आशा होती. बायका तेवढ्या कामात होत्या. सुगंधी द्रव्यं घेऊन रविवारी पहाटे त्या कबरेकडे निघाल्या, त्याही प्रेताला लावण्यासाठी. वाटेत त्यांना चिंता होती ती एवढीच, की कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटून देईल. त्यांच्याजवळ आशा नव्हती, करायचं काम होतं, आणि ते करायला गेल्या म्हणून पहिली बातमी त्यांना कळली. 'माझ्यात विश्वासच उरला नाही' असं म्हणणाऱ्याला आम्ही हेच सांगतो: भावना येईपर्यंत थांबू नका, समोरचं काम हातात घ्या.

या मधल्या दिवसांत काय करायचं, ते थोडं तपशिलाने लिहितो.

वाचनाची सुरुवात बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी करतात. 1 जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात होते, फेब्रुवारीत लेवीयमधल्या होमार्पणाच्या नियमांत गाडी रुतते आणि 'आपल्याने होत नाही' ही बोच तेवढी शिल्लक राहते. बायबलच्या सगळ्या 66 पुस्तकांचे 1189 अध्याय वर्षात संपवायचे तर रोज तीनहून अधिक अध्याय पडतात. खचलेल्या माणसाला ते झेपणारं नाही. त्याने मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कने लिहिलेलं येशूचं चरित्र, घ्यावं. सोळा अध्याय, रोज एक, सोळा दिवस. सोबत रोज एक स्तोत्र. ती 150 आहेत, म्हणजे पाच महिन्यांचा शिधा. 119 वं स्तोत्र 176 ओव्यांचं आहे, पण त्याचे आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग मुळातच पाडलेले आहेत. एकेक भाग एकेका दिवशी घ्यावा, पाचाचे सहा महिने झाले तर काही बिघडत नाही. वाचायचं ते मोठ्याने, निदान ओठ हलवून. डोळ्यांनी वाचताना काळजीत पडलेलं मन दोन ओळींत निसटतं. स्वतःचा आवाज कानावर पडला की ते थोडं तरी थांबतं. सगळं मिळून वीस मिनिटं पुरतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका, आहे तिथून पुढे चला. भरपाई करणारे आठवड्याभरात सोडून देतात.

दुसरी गोष्ट विलापाची, आणि ती आमच्या मंडळ्या विसरत चालल्यात याचं आम्हाला फार वाईट वाटतं. स्तोत्रसंहितेतला मोठा भाग तक्रारीचा आहे. 13 व्या स्तोत्रात दावीद 'किती काळ' असं चार वेळा विचारतो. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे, आणि हजारो वर्षांत कोणी त्याला गोड शेवट जोडला नाही. देवापुढे रडगाणं गाऊ नये, ही समजूत बायबलची नाही. 13 वं स्तोत्र समोर ठेवून एका कागदावर असं लिहून पाहावं. वर देवाला हाक. खाली तक्रार, जशी आहे तशी, सभ्य न करता: पगार थकलाय, पोरगं बोलत नाही, गाठ परत आलीय. मग एकच मागणी, नेमकी. मग आजवर तगून राहण्याला कारण झालेली एक गोष्ट आठवून लिहायची. ती सापडली नाही तर जागा कोरी सोडायची आणि तारीख घालायची. कोरी जागा म्हणजे अविश्वास नव्हे. काही महिन्यांनी हे कागद परत वाचले की बदललेलं आणि न बदललेलं दोन्ही दिसतं. आठवणीवर विसंबलं तर फक्त न बदललेलं दिसतं.

वचनं संदर्भातून तोडून वापरणं हा आणखी एक रोग. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29 व्या अध्यायातलं 11 वं वचन, परमेश्वराचे संकल्प हिताचे आहेत आणि तो आशादायक भविष्य देईल, हे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर सर्रास दिसतं, दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी तर हमखास. आदल्याच ओळीत सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. हा अध्याय म्हणजे यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र आहे. त्यांना सांगितलंय की तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्या बाप्यांनी ते पत्र वाचलं ते परतीच्या वाटेला लागायच्या आत तिथेच मातीआड गेले असणार. वचन खोटं ठरलं नाही, पण ते सोमवारपर्यंत पुरं होण्याचं वचन नव्हतंच. स्टेटस ठेवणाऱ्याला पोराची नापास झालेली मार्कलिस्ट मिळाली की त्याला वाटतं देवाने फसवलं. फसवलं ते ओळ अर्धी तोडणाऱ्याने. याच यिर्मयाने यरुशलेमला वेढा पडलेला असताना आपल्या अनाथोथ गावचं शेत सतरा शेकेल रुपं मोजून विकत घेतलं आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात घालून ठेवायला लावलं, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. शत्रू दारात असताना सात-बाऱ्यावर नाव लावून घेण्यासारखंच हे. आशेचं यापेक्षा व्यवहारी चित्र आम्हाला माहीत नाही.

आता भेटीबद्दल. भेटीला दोघांनी जावं, चौघांनी नाही. वीस मिनिटं पुरेत. फोन पिशवीत ठेवावा, आजाऱ्याच्या कॉटवर न बसता खुर्ची घेऊन त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावं. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं आणि मालमत्ता गेली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर सगळं बरोबर होतं. बिघडलं ते कारणमीमांसा सुरू झाल्यावर. 'देवाची इच्छा होती', 'त्याला चांगली माणसं लवकर हवी असतात', 'काहीतरी शिकवायचं असेल' ही वाक्यं दाराबाहेर चपलांजवळ काढून ठेवावीत. मेलेल्याचं नाव घेऊन बोलावं; लोक नाव टाळतात आणि घरच्यांना वाटतं सगळे विसरले. एकच छोटं स्तोत्र वाचावं, 23 किंवा 13, दोन्ही सहा-सहा ओव्यांची. प्रार्थना दोन मिनिटांची. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नये. डोळे मिटलेल्या माणसाला उठून जाता येत नाही.

आणि निघताना एखादं काम अंगावर घेऊन निघावं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. दाखल्याच्या प्रती काढायच्या असतात, बँकेत वारसाचं नाव बघायचं असतं, विम्याचे कागद, गॅसचं कनेक्शन, रेशनकार्ड. विधवा बाईला या खिडक्यांवर एकटीला पाठवून तिच्यासाठी 'आम्ही प्रार्थना करतोय' म्हणणं बरोबर नाही. पहिल्या आठवड्यात घरात डबे उतू जातात, महिन्यानंतर कोणी फिरकत नाही. म्हणून पुढच्या भेटींच्या तारखा पहिल्याच दिवशी वहीत लिहाव्यात: महिना, तिसरा महिना, गेलेल्याचा वाढदिवस, पहिला नाताळ, वर्षदिन. तिसरा महिना विशेष जड जातो; तोवर कागदपत्रांची धावपळ संपलेली असते आणि घर खरंच शांत झालेलं असतं.

शरीराकडे दुर्लक्ष करून आशा देता येत नाही, हे एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीतून शिकावं. 1 राजे 19 मध्ये तो झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही, वचनही ऐकवत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवतो. एलीया खातो, झोपतो, पुन्हा उठून खातो, मग चाळीस दिवसांची वाट चालतो. त्यानंतर कुठे देव त्याच्याशी बोलतो. सोबतीला अलीशा देतो आणि तू एकटा नाहीस, सात हजार अजून आहेत, असं सांगतो. क्रम लक्षात घ्या: जेवण, झोप, चाल, मग शब्द, काम आणि सोबत. आपण नेमके शब्दांपासून सुरुवात करतो.

औषधाचा विषय आम्हाला स्पष्ट मांडायचा आहे, कारण इथे जीव जातात. काही सभांमधून 'प्रार्थना केली, गोळ्या सोडल्या, बरा झालो' अशा साक्षी दिल्या जातात आणि ऐकणारे घरी जाऊन तेच करतात. टीबीचं नेहमीचं औषध साधारण सहा महिने घ्यायचं असतं. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून सोडलं तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. इन्सुलिनवर जगणाऱ्याने इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेततं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटताच त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होऊन आजार उलटू शकतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. पौलाचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला पौलाने मिलेत शहरात मागे ठेवलं, असं 2 तीमथ्य 4 मध्ये सरळ लिहिलंय. त्याचा विश्वास कमी पडला, असं पौल म्हणत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. तो निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं. अशांच्या साक्षी आमच्या व्यासपीठांवरून कधी ऐकू येणार? अमेरिकन मिशनरी वायल्डर 1852 साली मिशनकामाला कोल्हापुरात आले, आणि मिशनचे डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेला रुग्णालय सुरू केलं. वानलेसवाडी हे नाव आजही त्यांची आठवण सांगतं. ज्या भागात मिशनच्या डॉक्टरांनी प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच खोलीत केल्या, तिथे गोळ्या फेकायला लावणारी शिकवण आली कुठून, हे पाळकांनी आणि पंचांनी विचारायला हवं.

'मी सगळ्यांना ओझं झालोय' असं कोणी म्हणू लागलं, आवडीच्या वस्तू वाटू लागलं, देणीघेणी एकाएकी मिटवू लागलं, किंवा खूप दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत झालं, तर सरळ विचारावं: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हटलं तर एकटं सोडू नये. घरातलं तणनाशक, कीटकनाशक, साठवलेल्या गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर न्याव्यात. शेतघरात हे सगळ्यात आधी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो. त्या रात्री जागरणाची प्रार्थना जरूर करा, पण त्याच्या शेजारी बसून करा, आणि सकाळी मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा.

घरसभांबद्दल थोडं. चार ते आठ जण, तासभर, हे माप चांगलं. एकट्याने चाळीस मिनिटं बोलू नये. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात ऐकू आली की ते माणूस पुन्हा कधी तोंड उघडत नाही. परवानगीशिवाय कोणाचंही दुःख ग्रुपवर टाकू नये, नाव न घेताही नको; गल्लीत ओळख लपत नाही.

मदत आणि प्रार्थना यांची गाठ मारू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. पुराच्या वेळी तांदळाचं पोतं देताना समोरच्याला प्रार्थनेला बसवलं तर ते देणं देणं राहत नाही, आणि शाहूंच्या या नगरीत त्याने कडवटपणाच वाढतो. तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने, असं पेत्राचं पहिलं पत्र सांगतं. आधी समोरच्याने विचारावं लागतं. त्याने विचारलं नाही तर पोतं उतरवायचं, घरातला गाळ उपसू लागायचा आणि परत यायचं.

शेवटी दोन विनंत्या. आपणांस विनंती, की आत्महत्येची बातमी छापताना कशी केली याचा तपशील वगळावा आणि त्याच बातमीखाली चौकटीत 14416 हा क्रमांक द्यावा. शहरातल्या सर्व मंडळ्यांना विनंती, की येत्या उत्तम शुक्रवार आणि ईस्टरच्या मधल्या शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ चर्चचं दार उघडं ठेवावं. कार्यक्रम नको, पेटी-तबला नको, अर्पणाची पिशवी नको. खुर्च्या अंतराअंतराने मांडाव्यात, दर अर्ध्या तासाने कोणीतरी 88 वं आणि 130 वं स्तोत्र सावकाश वाचावं, दाराशी पिण्याचं पाणी ठेवावं, आणि ज्याला बोलायचं असेल त्याच्यासाठी मागच्या बाकावर दोन माणसं बसलेली असावीत.

आपले,
सांत्वनभेटी आणि बायबल अभ्यासवर्गाचं काम करणारे काही कार्यकर्ते,
कोल्हापूर